नियमांत नसलेली कृती

कोणत्याही नियमग्रंथाला एक दिवस अशी कृती भेटते की जिची कल्पना त्याच्या कर्त्याने केलेली नसते. कायद्याला ती न्यायालयात भेटते, व्याकरणाला बाजारात आणि नाट्यशास्त्राला रंगमंचावर. अशा वेळी नियम काय करतो ह्यावरून त्याची पारख होते, असे मला नेहमी वाटत आले आहे. तो त्या कृतीस सरळ नाही म्हणू शकतो. ती आपणास दिसलीच नाही असे भासवू शकतो. किंवा तिला बसण्यापुरती जागा स्वतःत करून देऊ शकतो. ह्या तिसऱ्या वाटेचा विचार मी गेली काही वर्षे करीत आहे, आणि त्यास निमित्त झाले ते एका खेळाचे. खेळाचे नाव काढताच ह्या नियतकालिकाच्या काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, ह्याची मला जाणीव आहे. परंतु मौखिक परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांनी दुर्लक्षू नये असे काही ह्या खेळात आहे, असे माझे नम्र मत आहे.

हा खेळ मेजाभोवती बसून खेळावयाचा असतो. इंग्रजीत त्यास रोल-प्लेइंग गेम म्हणतात. मी त्यास भूमिकाखेळ म्हणेन. चार-पाच भिडू असतात आणि प्रत्येक जण एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतो. एक जण पंच असतो. पंच प्रसंग सांगतो, भिडू आपले पात्र काय करते ते सांगतो, आणि त्याचे फळ काय हे पंच कधी स्वतःच्या विवेकाने, तर कधी फासा टाकावयास लावून ठरवितो. बुद्धिबळात उंट तिरकाच चालतो. उंटावरचा स्वार खाली उतरून पटाबाहेर पळून गेला असे तेथे म्हणता येत नाही. भूमिकाखेळात म्हणता येते. साऱ्या खेळाचे सामर्थ्य ह्यात आहे आणि साऱ्या नियमकर्त्यांची डोकेदुखीही ह्यातच आहे.

ह्या डोकेदुखीचा इतिहास खेळाहून जुना आहे. प्रशियाच्या तोफखान्यातील एक तरुण अधिकारी, धाकटे राइसवित्स, ह्यांनी 1824 मध्ये सैन्याधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी एक युद्धखेळ सिद्ध केला. त्यात खेळणारे आपल्या आज्ञा पंचाला लिहून देत, आणि पंच नकाशा, फासे व कोष्टके ह्यांच्या साहाय्याने परिणाम ठरवी. पुढे कोष्टके एवढी वाढली की अनुभवी अधिकाऱ्यांना ती जाचू लागली. तेव्हा 1876 मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ ह्यांनी उलट टोक गाठले: कोष्टके बाजूला ठेवावीत आणि निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवावा, असे त्यांनी सुचविले. एका बाजूस लिखित नियम व दुसऱ्या बाजूस जाणत्याचा विवेक, हा वाद तेव्हापासून आजवर मिटलेला नाही.

त्याचा पुढील अंक अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात घडला. डेव्हिड वेझ्ली ह्यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात टॉटन ह्यांचे ‘स्ट्रॅटेगॉस’ हे 1880 चे युद्धखेळावरील पुस्तक सापडले होते, आणि खेळणाऱ्याने काहीही करून पाहावे व पंचाने त्याचा निवाडा करावा, हे तत्त्व त्यांनी त्यातून उचलले होते. 1969 मध्ये त्यांनी नेपोलियनच्या काळातील एका कल्पित जर्मन गावावर खेळ मांडला. सेनापतींखेरीज इतर भिडूंनाही त्यांनी गावातील निरनिराळ्या व्यक्तींच्या भूमिका दिल्या. लढाई सुरू होण्यापूर्वीच भिडू पंचाकडे येऊन भलतेसलते सांगू लागले. दोघांनी तर एकमेकांस द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. द्वंद्वयुद्धाचा नियम नव्हता. वेझ्लींनी तो जागच्या जागी रचला. खेळ फसला असे त्यांचे मत झाले. भिडूंनी मात्र असाच खेळ पुन्हा हवा असा आग्रह धरला. त्या मंडळीतील डेव्ह आर्नेसन ह्यांनी पुढे गॅरी गायगॅक्स ह्यांच्यासह 1974 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका आणि पहिल्या छपाईच्या हजार प्रती, एवढाच त्याचा आरंभ होता.

त्या पुस्तिकांत झटापटीचे नियम होते, मंत्रांचे होते. परंतु भिंत चढण्याचा वा अंधारात लपण्याचा सर्वसाधारण नियम नव्हता. म्हणून भिडू सांगत आणि पंच ठरवी. पुढील वर्षी, 1975 च्या पुरवणीत, ‘चोर’ हा नवा पात्रवर्ग आला आणि चोराला भिंत चढण्याची, लपण्याची शेकडेवारी देण्यात आली. दिसावयास ही भर होती. परंतु लगेच प्रश्न उभा राहिला: जे काल कोणीही करून पाहू शकत होता ते आज फक्त चोरालाच करता येणार काय? एकास दिलेली लिखित परवानगी ही इतरांना अलिखित मनाई ठरते, हे विधिज्ञांना ठाऊक असलेले सत्य खेळगड्यांना असे कळले.

ह्यावर एक साधा उपाय टॉम मोल्डव्हे ह्यांनी संपादित केलेल्या 1981 च्या प्राथमिक आवृत्तीत दिसतो. प्रत्येक पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी इत्यादी गुण 3 ते 18 ह्या अंकांत मोजलेले असतात. नियमांत नसलेली कृती आली तर पंचाने तिला लागू पडणारा गुण निवडावा आणि भिडूने वीस बाजूंचा फासा टाकावा; गुणाच्या अंकाएवढे किंवा त्याहून कमी पडले तर कृती साधली. चापल्य 12 असेल तर वीसात बारा, म्हणजे शेकडा 60 संधी. कृती फार सोपी वा फार बिकट वाटली तर पंचाने चारपर्यंत अंक कमीजास्त करावेत. एक पडला तर यश आणि वीस पडला तर अपयश हे ठरलेले. ह्या चार वाक्यांत बसणाऱ्या नियमाचा अर्थ असा की काहीही करून पाहण्यास वाव नेहमीच आहे.

ह्याच विचाराचे अधिक शास्त्रशुद्ध रूप 2008 च्या चौथ्या आवृत्तीत, पंचासाठी लिहिलेल्या पुस्तकाच्या 42 व्या पृष्ठावर आले. खेळगड्यांमध्ये ते पृष्ठ त्याच्या क्रमांकानेच प्रसिद्ध आहे. तेथील उदाहरण असे: एका चपळ स्त्रीपात्राला छताच्या झुंबरावरून झोका घेऊन समोरच्या राक्षसाच्या छातीत लाथ मारावयाची आहे, म्हणजे तो मागच्या धगधगत्या शेगडीत पडेल. कोणत्याही नियमात झुंबर नाही. पंचाने काय करावे? कसरतीची कसोटी घ्यावी, धक्क्याची घ्यावी, आणि निखाऱ्यांनी किती इजा व्हावी ते कोष्टकातून पाहावे. कोष्टकात इजेचे दोन वर्ग केलेले आहेत: जी युक्ती पुन्हापुन्हा करता येईल तिची इजा बेताची, आणि जी एकदाच साधेल तिची अधिक.

हा भेद वरवर किरकोळ वाटतो, परंतु साऱ्या प्रश्नाची नाडी त्यात आहे. आयत्या वेळच्या युक्तीचे फळ तलवारीच्या नेहमीच्या वारापेक्षा कमी असेल, तर शहाणा भिडू ती करणार नाही. ते अधिक असेल आणि युक्ती रोज करता येत असेल, तर तलवार कोणी उपसणार नाही. प्रत्येक जण शत्रूच्या डोळ्यांत धूळच फेकीत बसेल. नकळत होणारा अन्याय तर ह्याहून साधा आहे. झुंबराच्या युक्तीसाठी पंचाने उडी, पकड आणि लाथ अशा तीन कसोट्या घेतल्या आणि प्रत्येकीत यशाची संधी शेकडा 60 असली, तर तिन्ही साधण्याची संधी शेकडा 22 देखील राहत नाही. पंचाने कोठेही ‘नाही’ म्हटलेले नसते. तो प्रत्येक पायरीवर ‘बरे, मग फासा टाका’ एवढेच म्हणतो. तीन परवानग्या मिळून एक नकार होतो. कार्यालयांत खेटे घातलेल्या कोणाही भारतीय नागरिकास हे गणित समजावून सांगावे लागू नये.

42 व्या पृष्ठाविषयी वाचताना मला पाणिनीची आठवण झाली. कर्ता, कर्म, करण इत्यादी कारके एकेक करून सांगितल्यावर, त्यांत न बसणारे जे संबंध उरतात त्यांस त्याने ‘शेष’ म्हटले आणि त्यांच्यासाठी षष्ठी विभक्ती राखून ठेवली. उरलेल्याची यादी त्याने केली नाही. ती कोणालाच करता येणार नाही. उरलेले जे असेल त्याने कोणत्या दाराने यावे एवढेच त्याने सांगितले. चांगल्या भूमिकाखेळातील उत्स्फूर्त कृतीचा नियम हा असा शेषनियम असतो.

तरीही शेषनियम नको, विवेकच हवा, असे म्हणणारा पक्ष दुबळा नाही. त्याच 2008 मध्ये मॅट फिंच ह्यांनी जुन्या धाटणीच्या खेळाची एक छोटी ओळखपुस्तिका लिहिली आणि पंचाचा निर्णय हा नियमाहून श्रेष्ठ असल्याचे प्रतिपादिले. ह्या पक्षाचे म्हणणे असे की कोष्टक हाताशी आले की भिडूची नजर प्रसंगावरून उडून आपल्या कागदावरील अंकांवर जाते. खोलीत झुंबर आहे हे तो विसरतो आणि माझी कसरत किती, एवढेच पाहतो. ह्यात तथ्य आहे. याउलट 2001 च्या ‘एग्झॉल्टेड’ ह्या खेळाने वर्णनालाच बक्षीस लावले: भिडूने आपली कृती रंगवून सांगितली तर एक फासा जास्त, परिसराचा उपयोग करून सांगितली तर दोन, आणि ऐकणारे थक्क झाले तर तीन.

येथे मला थबकावे लागते. कारण वर्णनाला फळ देणाऱ्या परंपरा आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. दक्षिण कोकण व गोव्यातील दशावतारात संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरते आणि नट संवाद रंगमंचावर रचतात. किनारी कर्नाटकात व कासरगोडकडे ताळमद्दळे चालते. तेथे वेषभूषा नाही, नृत्य नाही. भागवत पदे गातो आणि बसलेले अर्थधारी त्या त्या पात्राची बाजू आयत्या वेळी मांडतात. मेजाभोवतीच्या भूमिकाखेळाचा ह्याहून जवळचा भारतीय आप्त मला ठाऊक नाही. परंतु तेथे अर्थधारी वादात कितीही चढ ठरला तरी पुराणातील कथेचा शेवट ढळत नाही. वक्तृत्वाचे बक्षीस म्हणजे श्रोत्यांची दाद. घटनेवर त्याचा अंमल चालत नाही. भूमिकाखेळात मात्र शेवट ठरलेला नसतो. तेथे वक्तृत्वाने घटनाच बदलते. मग ज्याला बोलता येते त्याचे पात्र जगेल आणि ज्याला बोलता येत नाही त्याचे मरेल, असे तर होणार नाही?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. सध्या मी जेथे आमंत्रित प्राध्यापक म्हणून शिकविते, त्या विद्यापीठात शनिवारी रात्री वसतिगृहाच्या बैठकीच्या खोलीत सहा विद्यार्थी हा खेळ खेळत. मौखिक कथनावरील माझ्या व्याख्यानांना येणाऱ्या काहींनी मला पाहावयास बोलाविले. पंच गणिताचा संशोधक होता. भिडूंत मलयाळी, बंगाली, ओडिया, हिंदी बोलणारे होते आणि मराठवाड्यातील एका खेड्यातून आलेली एम. ए.च्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. खेळ इंग्रजीत चाले, अधूनमधून हिंदीत. आवृत्ती 2014 ची, पाचवी होती. तीत पंचाला एक सुटसुटीत साधन दिलेले आहे: परिस्थिती अनुकूल असेल तर भिडूने वीस बाजूंचे दोन फासे टाकावेत आणि मोठा अंक धरावा. अकरा किंवा अधिक हवे असतील तर एका फाशाने शेकडा 50 असलेली संधी दोन फाशांनी शेकडा 75 होते.

एक मुलगा महानगरातील इंग्रजी शाळेतून आलेला होता. तो आपली प्रत्येक कृती इतकी सुरेख सांगे की पंच खूश होऊन त्याला दुसरा फासा देई. मराठवाड्याची मुलगी आपली पाळी आली की ‘अटॅक’ हा एकच शब्द उच्चारी. तिला युक्त्या सुचत नसत असे नव्हे. त्या सांगावयास तिच्यापाशी त्या मेजावरची भाषा नव्हती. बंदिवानांची सुटका करून पळण्याच्या प्रसंगी मात्र ती थांबली. लाकडाच्या वखारीत एक राक्षस पहाऱ्यावर पेंगत होता. ती एकाएकी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “मी त्याला मारत नाही, मॅडम. ह्या कासऱ्यानं ते लाकूड त्याच्या गळ्यात अडकवते. लोढणं घालते त्याला.”

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागले. लोढण्यास इंग्रजीत चटकन सापडणारा शब्द नाही. सजवून सांगण्याचा मोह मला झाला, हे खरे; चार विशेषणे लावली असती तर कदाचित दुसरा फासा मिळाला असता. परंतु तो तिचा नसता. मी एवढेच सांगितले की उनाड गुराच्या गळ्यात दोरीने ओंडका बांधतात, म्हणजे ते चरू शकते पण धावू शकत नाही. तिला ह्या राक्षसाच्या बाबतीत तेच करावयाचे आहे. पंचाने तिला दोन प्रश्न विचारले: ह्यातून नेमके काय घडावे असे तुला वाटते, आणि ते कशाच्या बळावर? ती म्हणाली, त्याने धावू नये. आणि तो पेंगतो आहे, माझा हात गुरांना सरावलेला आहे. पंचाने मग फाशाला हात लावण्यापूर्वी सर्व सांगून टाकले. काठिण्य 15; तिच्या पात्राचे बळ 3 ने मिळवावे; साधले तर राक्षसाचा वेग निम्मा; न साधले तर तो जागा होईल आणि दोरीचे टोक त्याच्या हाती असेल. म्हणजे फाशावर बारा किंवा अधिक हवे होते: शेकडा 45 संधी. फासा आठावर थांबला.

ती हरली, पुढील अर्धा तास सगळ्यांची बरीच धावपळ झाली. परंतु जे हरले ते फाशावर हरले. तिचे इंग्रजी तेथे पणाला लागलेले नव्हते. त्या दोन प्रश्नांचे मोल मला तेव्हा कळले. काय घडावे आणि कशाच्या बळावर, हे दोन प्रश्न कोणत्याही भाषेत, कितीही तुटक शब्दांत उत्तर देता येण्याजोगे आहेत. अनुवाद करणाराही मूळ शब्दाला हेच दोन प्रश्न विचारीत असतो. शब्द जुळत नाही तेव्हा तो शब्दाचे कार्य शोधतो.

त्यानंतर पंचाने आपली रीत बदलली. दुसरा फासा तो परिस्थितीसाठी देऊ लागला, वाक्यासाठी नव्हे. महानगरातील मुलाने ह्यास हरकत घेतली: चांगल्या वर्णनाने काहीच मिळणार नसेल तर वर्णन करावयाचे कशाला? त्याचे म्हणणे अगदीच अनुचित नव्हते. वर्णनावाचून हा खेळ नुसती बेरीज-वजाबाकी उरेल. परंतु दशावतारी नटास जी दाद पुरते ती त्यासही पुरावी, असे मला वाटले, आणि मेजावर दाद तर त्याला नेहमीच मिळत असे.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आलेली नव्हती. पुढील आठवड्यात बंगाली विद्यार्थ्याने समोर आलेल्या एका अस्वलाला ‘लोढणा’ घालावयाचे ठरविले. त्याच्या पुढच्या आठवड्यात मलयाळी विद्यार्थिनीने ते घोड्याला घातले. पंचाच्या वहीत तो शब्द देवनागरीत लिहिला गेला. अक्षरे त्या मुलीने घालून दिली. चौथ्या आठवड्यापर्यंत जो तो दिसेल त्याला लोढणे घालू लागला, आणि पंचाला कलम जोडावे लागले की जवळ ओंडका असला पाहिजे आणि जनावर सावध नसले पाहिजे. काल जी उत्स्फूर्त कृती होती ती आज पायंडा झाली आणि उद्या तिला अपवाद सांगावे लागले. त्या मुलीने स्वतः मात्र लोढणे पुन्हा कधी घातले नाही. तिला तोवर दुसरे काही तरी सुचलेले असे.

पुढील काळातील काही खेळांनी ह्याहून वेगळी वाट धरली आहे. 2010 च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये सहा बाजूंचे दोन फासे टाकतात, काही गुण मिळवावयाचे नसतील तर दहा किंवा अधिक पडण्याची संधी 36 पैकी 6, सात ते नऊची 15 आणि सहा वा कमीची 15. सात ते नऊ पडले तर कृती साधते, पण किंमत मोजावी लागते. हो आणि नाही ह्यांच्या मध्ये ‘हो, परंतु’ असा एक रुंद पट्टा तेथे आखलेला आहे. ही रचना जीवनाला अधिक जवळची आहे खरी. मात्र किंमत कोणती हे बहुधा फासा पडल्यावर पंच ठरवितो, आणि तेथे पुन्हा त्याच्या विवेकावर भार पडतो.

ह्या साऱ्यावरून मी कोणत्याही पक्षाच्या बाजूने निर्णय देणार नाही. प्रत्येक कृतीसाठी नियम लिहिता येत नाही, आणि केवळ विवेकावर सोडले तर विवेक आपल्यासारखे बोलणाऱ्याकडे झुकतो. आपल्या तोंडी परीक्षांत, प्रवेशाच्या मुलाखतींत आणि परिसंवादांतही हे रोज घडते. उत्तर नियमात बसत नाही म्हणून एक जण पडतो, आणि तेच उत्तर सफाईने सांगितले म्हणून दुसऱ्यास अधिक गुण मिळतात. परीक्षक ह्या नात्याने मी त्या खोलीतून एवढेच उचलले आहे: अपेक्षेबाहेरचे उत्तर आले की विद्यार्थ्यास त्याला काय सिद्ध करावयाचे आहे आणि कशाच्या आधारे, एवढे दोन प्रश्न विचारावेत, त्याने त्याच्या भाषेत उत्तर दिले तर दुभाषा शोधावा, आणि काठिण्याचा आकडा जो काही असेल तो फासा पडण्यापूर्वी मोठ्याने सांगावा.